मामांशी राजकारण बोलताना
२०२४ च्या विधानसभेआधीच्या दिवाळीत लाडकी बहीण योजनेच्या १,५०० रुपयांवरून आमचा आवाज चढला आणि मामा फराळाचं ताट तसंच टाकून उठले. फार लागलं मनाला.

आता मी आधी त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत त्यांनाच सांगते, ‘असंच ना?’ विचारते. त्यांनी मान हलवल्याशिवाय माझा मुद्दा काढत नाही. तुम्हीही करून बघा. ‘तुमचे लोक’ म्हणूच नका. पक्ष सोडा, प्रश्न धरा: बाईच्या खात्यात पैसे आल्याने काय बदललं, तिजोरीवर भार किती? मामी त्यातून गुडघ्याची औषधं आणतात, हे मला अशाच बोलण्यात कळलं. तिजोरीची माझी काळजी मामांनीही शांतपणे ऐकून घेतली.

फॅमिली ग्रुपवर मात्र वाद नको. समोरासमोर, चहा घेत बोला.