थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीची नाकेबंदी कशी बघावी

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर जाणारे बहुतेक जण होडीतून उतरतात, वेताळाला हात जोडतात, वाजणाऱ्या दगडावर खडा आपटून पाहतात आणि परत फिरतात. तेही कराच. पण १६७९ची नाकेबंदी, म्हणजे मराठे बेटावर किल्ला बांधू लागल्यावर इंग्रजांनी भोवती घातलेला समुद्री पहारा, समजून घ्यायची असेल, तर आधी एक सकाळ थळच्या वाळूत नुसते बसा.

ऑक्टोबर संपता संपता जा. मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान, त्याच्या आरमाराने इंग्रजांवर झडप घातली ती १८ ऑक्टोबरची पहाट. पण तो इंग्रजांचा जुना हिशेब, आजच्या कॅलेंडरने २८. तिथी बघून निघा. तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, म्हणजे पूर्ण ओहोटी नऊच्या आसपास. मी पहिल्यांदा हे न बघता ऐन भरतीला पोचलो आणि पाण्याखाली काय आहे ते काहीच दिसलं नाही. ओहोटीला किनाऱ्यालगतचे खडक उघडे पडतात. मोठं जहाज इतक्या जवळ का येत नाही, ते मग कुणी सांगावं लागत नाही.

उजाडायच्या आत पोचा. एक काठी वाळूत रोवून तिला जुना, पातळ रुमाल बांधा. जाड टॉवेल नको, हलत नाही. पहाटे रुमाल समुद्राकडे उडेल. हा मतलई वारा. तोंडासमोर उंदेरी, तिच्यामागे, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, दोन टेकड्यांची खांदेरी. तिथे मराठ्यांचा मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन उतरला होता, तटाचं काम चालू होतं, आणि दाणागोटा याच किनाऱ्यावरून जायचा.

आता दुर्बीण लावा आणि बेटाजवळ इंग्रजांचं 'रिव्हेंज' नांगरलेलं आहे असं धरा. हे फ्रिगेट, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, दोन गुराबा म्हणजे दोन डोलकाठ्यांची जहाजं, आणि तीन शिबाडं, दोन मचवे ही लहान जहाजं, मिळून आठ. दौलतखानाकडे पन्नासेक गलबतं. ती दक्षिणेला नागावकडून इतक्या वेगाने आली की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम वेळ मिळाला. अर्ध्या तासात 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती. पण 'रिव्हेंज' एकटी उभी राहिली, तिच्या तोफांपुढे मराठा आरमार नागोठण्याच्या खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात मागे गेलं, आणि तिथे तिला शिरता येईना. आपल्याकडे हा दुसरा भाग सांगताना आवाज जरा खाली जातो. तसं करू नये. उघड्या समुद्रात ते जहाज भारीच होतं.

मग नाकेबंदी का फसली? दहा-अकरापर्यंत थांबा. रुमाल आधी मंद होतो, मग काठीला चिकटून लोंबतो. मतलई संपला, समुद्राकडून येणारा खारा वारा अजून सुटायचाय. घड्याळ लावा, मी बसलो त्या दिवशी वारा चांगला पाऊण तास पडलेलाच होता. शिडाचं जहाज या वेळात म्हणजे पाण्यावर ठेवलेला वाडा. वल्ह्यांच्या होडीला मात्र वाऱ्याशी देणंघेणं नाही. रात्री असाच वारा पडला की छोट्या होड्या निघायच्या. पुढे इंग्रजांच्या बाजूने जंजिऱ्याचा सिद्दी कासमही आपलं आरमार घेऊन आला, तरी ही ये-जा पुरती थांबली नाही, आणि जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी पहारा उठवला.

रुमाल लोंबत असताना एखादी वल्ह्याची होडी दिसते का बघा. मला एकच दिसली, दोन माणसांची. रुमाल किनाऱ्याकडे फडकला तेव्हा ती उंदेरीच्या आड गेलेली होती.