स्कॉट वॉकर समजून घ्यायचे असतील तर आधी कायद्याची कलमं वाचा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्याविषयी कुणी विचारलं की मी एवढंच सांगते: भाषणं नि मोर्चांचे व्हिडिओ बाजूला ठेवा आणि सरकारी नोकरांच्या युनियनचे अधिकार कमी करणारा २०११ चा 'अ‍ॅक्ट १०' उघडा.

कागदावर दोन रकाने आखा, एक पैशांचा, एक अधिकारांचा. सरकारी नोकरांनी पेन्शनचा निम्मा हप्ता स्वतः भरायचा, आरोग्यविम्यातला वाटा वाढवायचा, हे पहिल्यात. दुसरा रकाना लवकर भरतो. वाटाघाटी फक्त मूळ पगारापुरत्या. महागाईपेक्षा जास्त वाढ हवी तर सार्वमत. युनियनची वर्गणी पगारातून कापणं बंद. शिवाय युनियनने दरवर्षी मतदानाने मान्यता मिळवायची, तीही एकूण कर्मचाऱ्यांच्या बहुमताने. म्हणजे जो मत द्यायला आलाच नाही, तो विरोधात धरला गेला. पोलीस आणि अग्निशमन दल यातून बहुतांशी वगळलेले. कुठलाही कायदा वाचताना कुणाला वगळलंय हे शोधाच. राजकारण तिथे उघडं पडतं.

मोठ्या युनियन्स पैशांचा रकाना मान्य करायला तयार होत्या, अधिकार तेवढे राहू द्या म्हणत होत्या. वॉकर यांनी ऐकलं नाही. मी तेव्हा राज्याची राजधानी मॅडिसनच्या विद्यापीठात टीचिंग असिस्टंट होते. कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, घुमटाखाली विरोध करणारे लोक फरशीवर झोपत आणि संगमरवर खराब होऊ नये म्हणून पोस्टर्स रंगकामाच्या निळ्या टेपने चिकटवत. त्या माणसांना सरसकट 'गुंड' म्हटलेलं मला आजही सहन होत नाही. तरी वॉकर यांची बाजूही वाचा: राज्याच्या बजेटमधली तूट मोठी होती, आणि विमा कंपनी स्वतः निवडता आल्याने अनेक शाळा-जिल्ह्यांचा खर्च खरंच कमी झाला.

मग तारखा लावा. आर्थिक विधेयकाला राज्याच्या सिनेटमध्ये २० सदस्य हजर लागत, रिपब्लिकन होते १९. म्हणून १७ फेब्रुवारीला १४ डेमोक्रॅट सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. ९ मार्चला रिपब्लिकनांनी खर्चाच्या तरतुदी काढल्या, म्हणजे २० ची अट उरली नाही, आणि उरलेलं विधेयक १८ विरुद्ध १ मतांनी संमत केलं. बजेटसाठीच हे हवं होतं, तर बजेटच्या तरतुदींविना ते कसं चाललं, हा विरोधकांचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

निवडणुकांवर फार वेळ घालवू नका. रिकॉल, म्हणजे मुदतीआधीच पदावरून हटवण्यासाठीची निवडणूक; जून २०१२ मध्ये ती जिंकणारे ते अमेरिकेतले पहिले गव्हर्नर. २०१४ मध्ये पुन्हा विजयी. २०१५ ची अध्यक्षपदाची मोहीम जुलैत सुरू, सप्टेंबरात संपली.

आश्वासनं मात्र आकड्यांनी तपासा. पहिल्या कार्यकाळात २,५०,००० खासगी नोकऱ्या म्हणाले होते, तेवढ्या झाल्या नाहीत. तैवानच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी २०१७ मध्ये झालेल्या करारात १० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या होत्या. २०२१ मध्ये नव्या सरकारने केलेल्या सुधारित करारात ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या उरल्या.

आणि शेवटचा महिना गाळू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांच्याकडून ते हरले. त्यानंतर डिसेंबरमध्ये येणाऱ्या गव्हर्नरचे आणि अ‍ॅटर्नी जनरलचे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याचे) अधिकार कमी करणाऱ्या विधेयकांवर त्यांनी सही केली. तीही कलमं त्याच दोन रकान्यांत मांडा. पैशांचा रकाना जवळजवळ रिकामा राहील.