चौपाटीवर हरवलेली अंगठी कशी शोधायची

मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधायचं मशीन, चालू करण्याआधी पंचांग बघा. गंमत करत नाही. आमच्याकडे तिथीवरून भरती काढतात: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, ही झाली पूर्ण भरतीची अदमासे वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणामुळे पाणी सर्वात लांब जातं, आणि मुंबईत ती ओहोटी येते पहाटे नि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसं हटतच नाही. पाण्यात पडलेली अंगठी शोधायची तर उतरत्या पाण्यामागे जायचं. तेही लवकरात लवकर, कारण लाटा वाळू हलवतात आणि जड वस्तू खाली खाली जाते. वस्तू कोरड्या वाळूत, भेळवाल्यांच्या बाजूला पडली असेल, तर सफाईची यंत्रं फिरायच्या आत पोहोचा.

मी आयुष्यभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले, गिरगावात. त्यामुळे मशीनच्या किमतीपेक्षा ते जुळवलंय कसं याकडे माझं जास्त लक्ष असतं. लोक महागडं मशीन आणतात आणि धातू निवडायच्या पट्टीचे सगळे भाग बंद करून ठेवतात: लोखंड नको, फॉइल नको, बुचं नकोत. मग सोनंही मिळत नाही! पातळ सोन्याची अंगठी नेमकी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलच्या आसपासच बोलते. आणि आपला आत्ताचा रुपया स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटतो. परदेशी व्हिडिओ बघून लोखंड गाळलंत तर चिल्लरही गेली. माझं मत स्पष्ट आहे: चौपाटीवर काही गाळायचं नाही, जे वाजेल ते उकरायचं. दिवाळीनंतर फुलबाज्यांच्या तारा आणि विसर्जनानंतर मखरांचे खिळे निघतात. निघू देत.

ओल्या वाळूचा त्रास वेगळा. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं मशीन तिथे सतत चिवचिवत राहतं. त्यात आपली वाळू काळ्या दगडाची. साधं चुंबक फिरवा, काळे कण चिकटतात. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज मशीनने सोडून द्यावा यासाठीची जुळवणी, कोरड्यात करून ओल्यात जायचं नाही, जिथे शोधायचंय तिथेच करायचा: धातू नसलेल्या जागी कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) वर-खाली हलवत आवाज स्थिर होईपर्यंत जुळवायचं. तरी थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. थोडी खोली गेली तरी चालेल, कारण गोंगाटात बारीक आवाज कानाला सापडतच नाही. घेणारच असाल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्या. पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू ओळखणारं मशीन, खाऱ्या वाळूत छान चालतं, पण धातू कुठला ते नीट सांगत नाही.

आता खरी युक्ती. हरवलेल्या अंगठीसारखी दुसरी मागून घ्या. नवराबायकोच्या अंगठ्या बहुधा जोडीच्याच असतात. ती दोऱ्याला बांधून त्याच वाळूत वीतभर खाली पुरा आणि वरून कॉइल फिरवून आवाज ऐका. हेडफोन लावूनच. तो आवाज कानात बसला की अर्धं काम झालं. मंगळसूत्र असेल तर वाट्यांचा आवाज पकडा. मणी काही बोलत नाहीत. नुसती बारीक साखळी सर्वात चकवते, तिच्या कड्या सुट्या सुट्या वाजतात आणि मशीनला कळतो तो फक्त हूक.

मग जागा आखायची. सुतळी आणि लाकडी काठ्या, लोखंडी सळ्या नकोत. स्वतःचं घड्याळ, कडं काढून ठेवा. कॉइल वाळूपासून दोन बोटं वर, जमिनीला समांतर. झाडू मारल्यासारखी टोकाला उचलायची नाही, तिथेच वस्तू निसटते. सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या अर्ध्या फेरीवर चढवत. पूर्ण चौकोन उभा झाला की तोच आडवा करायचा, कारण कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेने अगदी क्षीण वाजते. वाजलं की आडवं-उभं फिरवून फुली काढा, मधोमध प्लास्टिकच्या फावड्याने उकरा, वाळू चाळणीत घ्या. खड्ड्यावरून पुन्हा एकदा कॉइल फिरवा, आणि खड्डा बुजवा.

लोक मला हमखास विचारतात, ‘गोदीतलं सोनं शोधता का?’ 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीचा स्फोट झाला तेव्हा सोन्याच्या विटा उडाल्या होत्या, हे खरं. पण बंदराच्या हद्दीत असं कोणी फिरू देत नाही. वसई किल्ल्यासारख्या संरक्षित जागी तर नावच काढू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. बॉम्बगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे व्हा आणि पोलिसांना बोलवा. चौपाटीवर उतरण्याआधीही मी जवळच्या पोलिसांना सांगून ठेवतो. दांडा घेऊन वाळू उकरणाऱ्या माणसाची चौकशी होणारच.

अंगठी सापडली तर मूठ लगेच उघडू नका. भोवती गर्दी जमलेली असते, आणि ‘माझीच’ म्हणणारे दोघे-तिघे निघू शकतात. आतल्या बाजूला काय कोरलंय ते आधी विचारा.