सिमेंटचा लॉग घ्यायला निघताय? आधी मड मोजा

चौदा दिवसांच्या सुट्टीवर खानापूरला आलोय. शेजारचा पोरगा बेळगावात डिप्लोमा संपवून सोमवारी मेहसाण्याला निघालाय, तेलविहिरीत टूल सोडून मोजमापं घ्यायच्या, म्हणजे लॉगिंगच्या कामावर. आपल्या सीमाभागात तेलाच्या विहिरी नाहीत, त्यामुळं यातलं घरी कुणी सांगणारं नसतं. त्याच्यासाठी आणि त्याच्यामागनं जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

हेल्मेट, बूट, परमिट यावर बोलत बसत नाही.

काम काय, ते आधी समजून घ्या. विहिरीतला पोलादी नळ म्हणजे केसिंग, त्याच्या आत भरलेला द्रव म्हणजे मड. केसिंगमागं सिमेंट नीट बसलंय का, याची खोलीनुसार काढलेली नोंद म्हणजे सिमेंटचा लॉग. आपण कुंभाराकडं मडकं टिचकी मारून घेतो ना, तसंच हे टूल गोल फिरत केसिंगला आतनं अल्ट्रासॉनिक टिचक्या मारतं. पोलादामागं नुसतं पाणी असेल तर ते बराच वेळ घणघणतं, घट्ट सिमेंट असेल तर नाद लगेच विरतो. त्यावरनं मागच्या पदार्थाचा ध्वनिरोध काढतात. पाण्याचा सुमारे 1.5 मेगारेल (हे ध्वनिरोधाचं एकक), चांगल्या सिमेंटचा त्याच्या कितीतरी पट, वायूचा जवळजवळ शून्य. पण टिचकी मडमधनं जाते आणि मडमधनंच परत येते. म्हणून आधी मड मोजा.

मी मोजलं नव्हतं. टूल खाली जाताना त्याच्या समोरच्या ठरलेल्या पट्टीवर आवाज मारून मडचा वेग आणि ध्वनिरोध मोजायचा असतो. रात्रीचे दोन वाजलेले, रिगवाले मागं लागलेले. मी शेजारच्या विहिरीचा जुना आकडा टाकला. आदल्या संध्याकाळी मड काढून मिठाचं पाणी भरलं होतं, ते विचारलंच नाही. लॉग रंगीत, छान आला आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मागं सिमेंट की द्रव, कुणालाच ठामपणे सांगता येईना. पुन्हा टूल उतरवावं लागलं. तोवर रिग थांबून.

तेव्हा, मड मोजा. जुना आकडा नको, दुसऱ्या विहिरीचा नको, पुस्तकातला तर नकोच. त्याच विहिरीत, त्याच दिवशी, खाली जाताना, सगळ्या खोलीभर. खाली दाब आणि उष्णता वाढते तसा आकडा बदलतो.

केसिंगचा कागद सोबत हवा. 7 इंची, फुटाला 29 पौंडी केसिंगची भिंत 10.36 मिलिमीटर आणि आतला व्यास 157.1 मिलिमीटर. एवढ्या भिंतीचा नाद साधारण 285 किलोहर्ट्झला येतो. टूलनं काढलेला व्यास कागदाशी जुळत नसेल तर मडचा वेग चुकलाय असं समजा आणि तिथंच थांबा. माझा जुळत नव्हता. मी केसिंग झिजलं असेल म्हणालो. नव्या केसिंगला!

सिमेंट कधी टाकलं ते तासात विचारा. ओलं सिमेंट लॉगवर द्रवासारखंच दिसतं. लॅबकडनं त्याच सिमेंटचा घट्ट होण्याचा तक्ता मागून घ्या. हलकं किंवा फेसाळ सिमेंट असेल तर जास्तच, कारण त्याचा ध्वनिरोध मुळातच कमी असतो आणि सिमेंट की द्रव ठरवायचा उंबरठा खाली आणावा लागतो. सिमेंट घट्ट झाल्यावर केसिंगमधला दाब उतरवला का, तेही विचारा. उतरवला असेल तर केसिंग आक्रसून केसभर फट पडते आणि चांगलं सिमेंटही वाईट दिसतं. मग दाब देऊन दुसरा पास घ्यायची तयारी ठेवा.

केसिंग आतनं खरवडणारा स्क्रेपर फिरवला का? मड सगळीकडं सारखं होईपर्यंत फिरवलं का? बुडबुडे असले तर आवाज मरतो. हो, मडच पुन्हा.

टूल मधोमध धरणारे सेंट्रलायझर केसिंगच्या मापाचे घ्या आणि झिजलेले फेकून द्या. टूल कलंडलं की तिरकी टिचकी लागते.

‘लॉग नकोच, वेळ नाही’ असंही ऐकू येईल. 2010 साली मेक्सिकोच्या आखातात मकोंडो विहिरीवर सिमेंटचा लॉग घ्यायला आलेल्या लोकांना 20 एप्रिलच्या सकाळी काम न करता परत पाठवलं. त्याच रात्री स्फोट झाला, 11 माणसं गेली. घाई करणाऱ्याला हे सांगा.

बाकी: साधा सीबीएलही (सिमेंट बाँड लॉग, जुन्या पद्धतीचा सिमेंटचा लॉग) सोबत चालवा, थोडा भाग दोनदा लॉग करा, सिमेंट नसलेला केसिंगचा तुकडा मिळाला तर तिथं द्रवाचाच आकडा येतोय का बघा. लॉगच्या हेडरवर, म्हणजे वरच्या माहितीच्या भागात, मडची मोजणी कधी घेतली ते लिहा. ती जागा रिकामी असेल तर विंच सुरू करू नका.