नॅव्हबारमध्ये ‘मदत’ कुठे आणि कशी ठेवावी

मदत शोधणारा माणूस साइट निवांत न्याहाळत नसतो. खात्यातून पैसे गेलेले असतात आणि ऑर्डर दिसत नसते, किंवा ओटीपी आलेला नसतो आणि पडद्यावरचे सेकंद संपत आलेले असतात. तो वरच्या पट्टीकडे बघतो, एक-दोन ठिकाणी अंगठा लावतो, आणि नाही सापडलं तर गूगलवर दुकानाचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकतो. तिथे खोटे नंबर लावून बसलेले भामटे असतात. म्हणून नॅव्हबारमध्ये, म्हणजे साइटच्या या वरच्या पट्टीत, ‘मदत’ न दिसणं ही सजावटीतली चूक समजू नका, त्यात ग्राहकाचे पैसे जाऊ शकतात.

उदाहरणाला रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्या छोट्या दुकानाची साइट घेऊ. अशा साइटच्या पट्टीत साधारण एवढं असतं: लोगो, मुखपृष्ठ, आंबे, आमची बाग, गॅलरी, ब्लॉग, संपर्क, लॉगिन, पिशवी (निवडलेल्या वस्तूंची). मालकाच्या मते मदत ‘संपर्क’मध्ये आहेच. ग्राहकाला पेटी कुठवर आली ते विचारायचं असतं. ‘संपर्क’ उघडल्यावर त्याला बागेचा नकाशा आणि एक कोरा फॉर्म दिसतो.

आधी शब्द ठरवा

‘मदत’ हाच शब्द घ्या. तीन अक्षरं, एकही मात्रा नाही, लहानात लहान फोनवर बसतो आणि वाचायला वेळ लागत नाही. भाषांतर करून मराठी केलेल्या साइटवर या जागी ‘समर्थन’ दिसतं. मराठीत समर्थन म्हणजे एखाद्याच्या मागणीला पाठिंबा. आंबा खराब निघालेला माणूस तिथे बोट लावणार नाही. ‘साहाय्य’ बरोबर आहे, पण बरेच लोक ‘सहाय्य’ लिहितात, त्यामुळे साइटच्या शोधपेटीत तो शब्द सापडेलच असं नाही. ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हे पानावरचं शीर्षक म्हणून ठीक, पट्टीत मावत नाही.

एक अपवाद महत्त्वाचा. सामाजिक संस्था, ट्रस्ट, देवस्थान यांच्या साइटवर ‘मदत’ म्हटलं की लोकांना देणगी वाटते. तिथे एका बाजूला ‘देणगी द्या’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अडचण आहे?’ असे दोन वेगळे शब्द ठेवा.

नुसत्या आयकॉनवर भागवू नका. हेडफोनचं चित्र काहींना गाण्यांचं वाटतं, प्रश्नचिन्ह काहींना दिसतच नाही. आयकॉन हवाच असेल तर शब्दाच्या शेजारी ठेवा आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरपासून लपवा, नाहीतर ‘प्रश्नचिन्ह मदत’ असं काहीतरी ऐकू येतं.

जागा

मोठ्या पडद्यावर पट्टीच्या उजव्या टोकाला, लॉगिन आणि पिशवीच्या अलीकडे. गॅलरी आणि ब्लॉग फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाच्या पट्टीत, न्या. आंबे घेताना कुणी ब्लॉगवर अडत नाही.

खरा पेच फोनवर असतो. बहुतेक तयार थीम (साइटचे तयार साचे) सगळी पट्टी तीन आडव्या रेघांच्या मेनूत गुंडाळतात आणि मदतही त्यातच जाते. ती बाहेर काढा. जागा आहे, हिशेब करून बघा. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर दोन्ही कडांना १६-१६ सोडले की ३२८ उरतात. लोगो १२०, ‘मदत’ ५६, पिशवी ४८, मेनू ४८, आणि मधल्या तीन फटी ८-८ च्या, एकूण २९६. ३२ पिक्सेल शिल्लक राहतात. ३२० च्या पडद्यावर मात्र २८८ च मिळतात, म्हणून तिथे लोगो १०४ वर आणा, बेरीज २८० होते. लॉगिन मेनूत गेलं तरी चालेल, कारण लॉगिन शोधणारा घाईत नसतो.

बोटाला लागणारी जागा ४८ उंच ठेवा. वेबच्या सुगम्यतेच्या (अपंगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या) आंतरराष्ट्रीय नियमावलीची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ ला आली, तिच्यात एए या मधल्या पातळीवर किमान २४ बाय २४ पिक्सेल मागितले आहेत. पण आजोबांच्या थरथरत्या अंगठ्याला २४ पुरत नाहीत. त्याच आवृत्तीत ‘सुसंगत मदत’ हा ३.२.६ क्रमांकाचा नवा निकष आहे, तोही सर्वांत प्राथमिक, ए पातळीवर. तो सांगतो की मदतीची सोय अनेक पानांवर असेल तर बाकी मजकुराच्या तुलनेत तिचा क्रम सगळीकडे सारखा हवा. एका पानावर वर आणि दुसऱ्यावर फूटरमध्ये, असं चालत नाही.

जिथे पट्टीच गायब होते

सर्वांत जास्त चूक इथे होते. ऑनलाइन दुकानासाठीच्या तयार प्रणालींमध्ये पैसे भरण्याच्या पानाला बऱ्याचदा वेगळं हेडर (पानाचा वरचा भाग) असतं: ग्राहकाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून फक्त लोगो. हेतू बरा, पण माणूस सर्वांत जास्त अडतो ते याच पानावर. लॉगिन, पासवर्ड विसरलात, पत्ता भरा, पैसे भरा, ऑर्डर अयशस्वी आणि ‘पान सापडलं नाही’ ही सहा पानं एकेक करून उघडा. जिथे पूर्ण पट्टी नाही तिथे डावीकडे लोगो आणि उजवीकडे ‘मदत’ एवढं तरी हवंच.

या पानांवर ‘मदत’ त्याच टॅबमध्ये उघडली तर अर्धवट भरलेला पत्ता पुसला जाऊ शकतो. परत आल्यावर पिनकोडपासून पुन्हा सुरुवात; बरेच जण तिथेच सोडून देतात. म्हणून इथे त्याच पानावर छोटी चौकट उघडा. ती कीबोर्डच्या एस्केप कळीने बंद व्हावी, आणि बंद झाल्यावर फोकस (कीबोर्डची निवड जिथे आहे ती जागा) पुन्हा ‘मदत’वर यावा. चौकट जमत नसेल तर नवीन टॅब चालेल, पण ‘नवीन टॅबमध्ये उघडेल’ हे लेबलात लिहा.

बँकेचं ओटीपीचं पान तुमच्या हातात नसतं, तिथे तुमची पट्टी नाही. तेव्हा ‘पैसे भरा’ या बटणाच्या लगेच वर एक ओळ टाका: ‘पैसे कापले गेले आणि ऑर्डर दिसली नाही, तर या नंबरवर फोन करा.’

लिंक की यादी

छोट्या साइटला थेट मदतीच्या पानावर नेणारी साधी लिंक पुरे. ती जावास्क्रिप्टशिवाय, म्हणजे ब्राउझरमधला जास्तीचा कोड लोड झाला नाही तरी, चालली पाहिजे. खालच्या कोपऱ्यात तरंगणाऱ्या चॅटच्या गोळ्यावर विसंबू नका: नेट मंद असलं की तो येतच नाही, आणि आला की फोनवर नेमका ‘पैसे भरा’ या बटणावर बसतो.

यादी उघडायचीच असेल तर ती दाबल्यावर उघडू द्या, माउस नुसता वरून नेल्यावर नको. फोनवर तसं नेणं नसतंच. नोंदी ग्राहकाच्या तोंडच्या हव्यात: ‘पेटी कुठवर आली?’, ‘आंबा आतून खराब निघाला’, ‘पैसे गेले, ऑर्डर नाही’, ‘पत्ता बदलायचा आहे’. आंब्याच्या आतल्या या खराबीला बागायतदार ‘साका’ म्हणतो, पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये आंबा कापणाऱ्याला तो शब्द माहीत असेलच असं नाही.

मदतीचं पान उघडताच, न सरकवता, फोन नंबर आणि वेळ दिसावी. दाबला की डायल होणाऱ्या लिंकच्या आत नंबर इंग्रजी अंकांतच आणि अधिक चिन्ह-९१ लावून लिहा. देवनागरी अंकांवर फोन लागेल याची खात्री नसते. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये मात्र अधिक चिन्ह, आधीचं शून्य, मोकळी जागा काहीच नको, थेट ९१ पासून सुरुवात. नुसता १८०० चा टोल-फ्री नंबर देऊ नका. दुबईत बसून आई-वडिलांना पेटी पाठवणाऱ्या मुलाला तो बहुधा लागत नाही.

याच पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क द्या. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. ही माहिती फूटरमधल्या अटींच्या लांबलचक पानात पुरून ठेवलेली आढळते. ती इथे वर आणा.

देवनागरीची काळजी

इंग्रजीसाठी बनलेल्या थीममध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘म द त’ असं सुटं दिसतं. हे अंतर शून्य करा. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान १.५ पट ठेवा, नाहीतर ‘मुखपृष्ठ’मधला उकार आणि ऋकार खालून कापले जातात, पट्टी तपासायला हाच शब्द वापरा. इंग्रजी १६ पिक्सेलला असेल तर देवनागरी १७-१८ ला शोभते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोफत आहे आणि मध्यम जाडीत पट्टीसाठी छान वाचता येतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठीच्या ‘mr’ या खुणेने नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकेल.

आंबा म्हटलं की पट्टी पिवळी होते, आणि वर पांढरी अक्षरं. ती उन्हात दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) ४.५ ला १ तरी हवा. पिवळ्यावर गडद तपकिरी सहज बसतो.

तपासणी

पाच जणांच्या हातात फोन द्या, त्यात दोघे साठीच्या पुढचे असू द्या. ‘मदत’ हा शब्द तोंडातून काढू नका. एवढंच सांगा: ‘पेटी आली, सहा आंबे खराब निघाले. आता काय कराल?’ पहिला अंगठा कुठे लागतो ते लिहून घ्या. दोघांनी पिशवी दाबली, तर तिथेही ‘आधीची ऑर्डर’ची वाट द्या. मग कीबोर्डच्या टॅब कळीने पट्टी फिरा, आणि पान २०० टक्के मोठं करून बघा; ‘मदत’ मेनूत पळाली तर मांडणी चुकली.

बदलानंतर पहिले काही आठवडे फोन वाढले तर घाबरून लिंक लपवू नका. आधी जे कंटाळून सोडून देत होते, ते आता पोचत असतील. कोणता प्रश्न सारखा येतो ते टिपा आणि त्याचं उत्तर मदतीच्या पानावर सर्वांत वर घ्या. थीम अपडेट झाली की ती सहा पानं पुन्हा उघडा. पैसे भरण्याच्या पानाचं हेडर अपडेटमध्ये बऱ्याचदा मूळपदावर जातं, आणि हंगामाच्या ऐन मध्यात ते कुणाच्या लक्षात येत नाही.