घरात जे आहे त्यातूनच आठवड्याचा स्वयंपाक कसा बसवायचा

खर्च आवरायचा म्हटलं की बरेच जण आधी स्वस्त रेसिपी शोधायला बसतात आणि तिथेच गडबड होते. रेसिपी कितीही स्वस्त असली तरी तिला आठ-दहा गोष्टी लागतात, त्यातल्या तीन घरात असतात, बाकीच्या आणाव्या लागतात, आणलेल्यातलं अर्धं उरतं आणि उरलेलं फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसतं. म्हणजे पैसे वाचवायला केलेल्या जेवणाने उलट घरातला पसारा वाढवला. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा करा, आधी घरात काय आहे ते बघा, मग त्यातलं आधी काय खराब होणार ते बघा, त्यावरून काय शिजवायचं ते ठरवा आणि खरेदीची यादी अगदी शेवटी करा.

हे काही किरकोळ प्रकरण नाहीये. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अन्ननासाडीचा रिपोर्ट आहे, त्यात २०२२ साली जगभरात साधारण १०५ कोटी टन अन्न वाया गेलं असा अंदाज दिलाय आणि त्यातलं जवळपास ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नाही तर लोकांच्या घरांतून गेलं. माणशी वर्षाला ७९ किलो, तेही फक्त घरातलं. हे सगळं पैसे देऊन आणलेलं अन्न असतं हे लक्षात घ्या, त्यामुळे काटकसर दुकानात सुरू होते त्यापेक्षा जास्त आपल्या फ्रीजमध्ये सुरू होते असं मला मनापासून वाटतं.

आधी मोजदाद

कागद घ्या किंवा फोनमध्ये नोट उघडा, आणि फ्रीज, फ्रीझर, डबे, कांदे-बटाट्यांची टोपली असं सगळं एकदा बघून काढा. नुसतं नाव लिहू नका, किती आहे ते पण लिहा. "तांदूळ" असं लिहून काही कळत नाही, "तांदूळ अंदाजे दोन किलो" लिहिलं की किती दिवस निघतील ते लगेच दिसतं. पहिल्यांदा याला वेळ लागेल, डब्यांच्या मागून विसरलेली पाकिटं निघतील, पण पुढच्या वेळी फक्त बदललेलं लिहायचं असतं त्यामुळे पाच-दहा मिनिटांत उरकतं.

मग यादीचे तीन भाग करा. एक-दोन दिवसांत संपवायलाच हवं असं, म्हणजे पालेभाजी, मऊ पडलेले टोमॅटो, उघडलेलं दूध, कालचं शिजवलेलं. दुसरा, आठवडाभर टिकेल असं, कोबी, गाजर, अंडी वगैरे. तिसरा, थांबायला तयार असलेलं, डाळी, कडधान्यं, तांदूळ, पीठ, फ्रीझरमधलं. जेवण ठरवताना नेहमी पहिल्या भागापासून सुरुवात करायची. आज मला काय खावंसं वाटतंय हा प्रश्न दुसरा, आज काय संपवायला हवं हा पहिला. सुरुवातीला जरा जड जातं हे खरंय, पण पहिल्या भागातल्या गोष्टींचं काय करायचं ते आपल्याच हातात असतं त्यामुळे आवडीला जागा राहतेच.

तारखांबद्दल एक सांगतो कारण इथे बरंच चांगलं अन्न फेकलं जातं. पाकिटावर "बेस्ट बिफोर" असेल तर ती चव-दर्जाची तारीख असते, ती उलटली म्हणजे वस्तू विषारी झाली असं नाही, बिस्किटं, पास्ता, डाळी अशा कोरड्या गोष्टी नीट ठेवल्या असतील तर बघून, वास घेऊन वापरता येतात. "यूज बाय" असेल तर मात्र ती सुरक्षिततेची तारीख, ती पाळायची, तिथे वास घेऊन ठरवू नका.

जेवण कसं जुळवायचं

रेसिपीच्या नावाने विचार करू नका, चार जागा भरायच्या आहेत असा विचार करा. पोट भरणारं काहीतरी (भात, बटाटे, ब्रेड, पास्ता), प्रोटीनचं काहीतरी (डाळ, कडधान्य, अंडी, दही, चिकन-मासे असतील तर ते), एक-दोन भाज्या, आणि चव आणणारं (कांदा, लसूण, मसाले, काहीतरी आंबट). चारही जागा घरातल्या गोष्टींनी भरल्या की जेवण तयार, त्याला नाव असलंच पाहिजे असं कुठेय.

उदाहरण घेऊन बघू म्हणजे नीट कळेल. समजा दोन माणसांचं घर आहे आणि घरात निघालं हे: पिकून मऊ झालेले पाच-सहा टोमॅटो, अर्धा कोबी, मलूल झालेली चार गाजरं, सहा अंडी, दोन वाट्या दही, जुन्या ब्रेडचे काही स्लाइस, कांदे, बटाटे, तांदूळ, मसूर डाळ आणि काबुली चणे. बघितल्यावर वाटतं घरात काहीच नाही. पण यात पाच रात्रींची जेवणं आहेत.

सोमवारी टोमॅटोवर हात टाकायचा कारण ते उद्या टिकतील याची खात्री नाही. सगळेच्या सगळे कांदा-लसणीवर परतून घट्ट शिजवून टाका, अर्ध्यात मसूर डाळ घालून भाताबरोबर खा, अर्धं गार करून फ्रीजमध्ये. ब्रेडचे स्लाइस तेव्हाच फ्रीझरमध्ये टाका (ब्रेड फ्रीजमध्ये ठेवला की उलट लवकर कडक होतो, बाहेर नाहीतर थेट फ्रीझर), आणि झोपताना चणे भिजत घाला. मंगळवारी सगळे चणे एकदमच शिजवायचे, अर्धे कालच्या टोमॅटोत घालून रस्सा, बरोबर भात, आणि भात मुद्दाम जास्त लावायचा. बुधवारी तो उरलेला भात, कोबी, गाजरं आणि दोन अंडी असं मोठ्या आचेवर परतून घ्या, गार भात मोकळा होतो त्यामुळे परतायला ताज्यापेक्षा तोच बरा. गाजरं मलूल असली तर चिरण्याआधी अर्धा-पाऊण तास गार पाण्यात ठेवा, पाणी शोषून परत बऱ्यापैकी कडक होतात. गुरुवारी उरलेले चणे, उकडलेले बटाटे, बारीक कांदा, दही, राहिलेला कोबी असं गार सॅलड आणि फ्रीझरमधले स्लाइस भाजून. शुक्रवारी राहिलेली चार अंडी आणि बटाट्या-कांद्याचे पातळ काप घालून जाड ऑम्लेट. झालं.

यात बघा, सोमवार-मंगळवारनेच पुढच्या दिवसांसाठी काहीतरी करून ठेवलंय, तरी सलग दोन दिवस तेच ताट समोर येत नाहीये. हे महत्त्वाचं आहे कारण माणसं कंटाळली की बाहेरून मागवतात आणि मग सगळा हिशोब कोसळतो. म्हणून एका वेळी जास्त शिजवायचं ते पूर्ण पदार्थ म्हणून नाही, साधं अर्धवट ठेवायचं, साधे उकडलेले चणे, साधा भात, साधा टोमॅटोचा रस्सा. मसाला घालून पूर्ण केलेल्या भाजीला दुसरा अवतार देणं अवघड, साध्याला कुठेही वळवता येतं.

कोरडी कडधान्यं या सगळ्या खेळात सगळ्यात जास्त कामाला येतात. एक वाटी कोरडे चणे शिजून अडीच-तीन वाट्या होतात, तांदळाचंही साधारण तिप्पट होतं, त्यामुळे डब्यात तळाला राहिलेलं "एवढंसं" पण एका जेवणाला पुरतं. फक्त राजमा असेल तर एक गोष्ट अजिबात सोडू नका, रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं ज्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात आणि नुसत्या मंद आचेवर ठेवून ते जात नाही.

एखादी गोष्ट नसेल तेव्हा

ती गोष्ट त्या पदार्थात काय काम करते ते विचारा. टोमॅटो आंबटपणासाठी असेल तर लिंबू, दही, व्हिनेगर चालेल. घट्टपणासाठी काही हवं असेल तर कुस्करलेला बटाटा किंवा मूठभर शिजलेली डाळ वाटून घाला. कुरकुरीतपणा हवा तर जुना ब्रेड भाजून चुरा. एका वस्तूसाठी दुकानात गेलं की चार वस्तू घेऊन येतो आपण, त्यामुळे ही अदलाबदल जमली की पैसे तर वाचतातच, फेरी पण वाचते. बेकिंगमध्ये मात्र हे जपून, केकमध्ये प्रमाणं बदलली की बिघडतो, रोजच्या रस्सा-सूप-भाताला तेवढं काही होत नाही.

उरलेलं जपून

इथे काटकसर करायची नाही हं. पोट बिघडलं तर औषधपाण्यात वाचवलेलं सगळं जाईल. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, खूप उकाडा असेल, ३२ अंशांच्या वर, तर एका तासात. फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा खाली हवं, फ्रीझर उणे १८. उरलेलं तीन-चार दिवसांत संपवा, जमत नसेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका, चौथ्या दिवशी आठवण होऊन नाही.

भाताचं जरा वेगळं आहे. तांदळात एका जिवाणूचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत, भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष परत गरम करून जात नाही. म्हणून जास्तीचा भात पसरट ताटात काढून पटकन गार करायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी संपवायचा, आणि गरम करताना आतपर्यंत वाफा येतील असा, तोही एकदाच.

बुरशीचं पण सांगतो. ब्रेड, दही, शिजवलेलं अन्न, मऊ फळं यांवर बुरशी दिसली की सगळंच टाका, वरवरचं काढून उपयोग नाही कारण ती आतपर्यंत पसरलेली असते. गाजर-कोबीसारख्या घट्ट भाजीवर छोटासा डाग असेल तर आजूबाजूचं अडीच सेंटीमीटर तरी कापून बाकीचं वापरता येतं. बटाट्याला हिरवट रंग आला असेल तर तो भाग जाड कापून टाका, फारच हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा टाका. आणि कांदे-बटाटे एकत्र ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात. पिकलेली केळी, सफरचंदं पालेभाजीपासून लांब ठेवा कारण त्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि शेजारची भाजी लवकर पिवळी पडते.

फ्रीझरमध्ये काहीही टाकताना नाव आणि तारीख लिहा. बिनानावाचा डबा कोणी उघडत नाही, हा नियमच समजा.

मग खरेदी

आता यादी करायची, आणि ती फक्त अडलेल्या जागांची. वरच्या उदाहरणात कदाचित तेल, दूध आणि एक पालेभाजी एवढंच लागेल. नवीन भाजी घेताना विचारायचं, ही निदान दोन जेवणांत जाईल का? नसेल तर दुसरी घ्या. मोठं पाकीट किलोमागे स्वस्त पडतं हे बरोबर, पण ते संपणार असेल तरच, त्यातला चौथा हिस्सा फेकला तर छोटं पाकीटच स्वस्त पडू शकतं. आणल्यावर नवीन मागे आणि जुनं पुढे लावा, व्यावसायिक किचनमध्ये हेच करतात, आधी आलं ते आधी वापरायचं.

आठवड्यातला एक दिवस मोकळा सोडा. त्या दिवशी काही ठरवायचं नाही, जे उरलंसुरलं असेल त्याचं सूप, ऑम्लेट, परतलेला भात काहीतरी. सातही दिवस ठरवलेले प्लॅन मोडतात कारण कोणी बाहेर जेवून येतं, कोणाला भूक नसते, आणि मग साचतं. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की कुठला डबा कशासाठी आहे, नाहीतर गुरुवारचे चणे बुधवारी रात्री कोणीतरी संपवून टाकतं आणि त्यात त्यांची काही चूक नसते, त्यांना कुठे माहीत होतं. फ्रीजच्या दारावर पहिल्या भागाची यादी चिकटवली तर चांगलंच, मधल्या वेळेला भूक लागलेला माणूस पण त्यातलंच काहीतरी उचलतो.

शेवटची एक सवय, वाया गेलं ते लिहा. काय टाकलं, किती आणि का, एका ओळीत. तीन-चार आठवड्यांत तेच तेच नाव दिसायला लागेल, बहुतेक वेळा पालेभाजी नाहीतर ब्रेड. पालेभाजी असेल तर आणल्या दिवशीच निवडून, उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून, पिळून, मूठ-मूठभर करून फ्रीझरमध्ये ठेवा, डाळीत-सूपमध्ये थेट जाते. ब्रेड असेल तर अर्धा आल्या आल्या फ्रीझरमध्ये आणि लागेल तेवढे स्लाइस काढून थेट भाजायचे. आणि एवढं करूनही तेच टाकलं जात असेल तर ती वस्तू पुढचा महिनाभर आणूच नका, तिच्याशिवाय काही अडतंय का ते बघा.