पाहुण्या गायकांसाठी ध्वनिव्यवस्थेची तयारी: मॉनिटर बसून ऐकावा

आमच्या संगीत मंडळात मैफलीच्या तयारीचे काम दर वर्षी नव्या मंडळींकडे जाते, म्हणून ही यादी लिहून ठेवत आहे. गेल्या खेपेस ते माझ्याकडे होते आणि त्यात एक गोष्ट राहून गेली: मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचे आणि साथीचे ऐकू यावे म्हणून मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, आम्ही गायकाच्या जागी बसून ऐकला नाही. परिणामी पाहुण्या गायिकेला मध्यंतरापर्यंत आपलाच तानपुरा धड ऐकू न येता गावे लागले. ती गोष्ट पुढे वारंवार येईल आणि कंटाळा आला तरी ती दर वेळी वाचावी. गाद्या, चादरी, लोड, समई, हार, पिण्याचे पाणी या बाबी कोणी विसरत नाही, तेव्हा त्या येथे लिहीत नाही.

आठवडाभर आधी गायकांना किंवा त्यांच्या व्यवस्था पाहणाऱ्या शिष्यांना फोन करून बैठकीची नेमकी रचना विचारून घ्यावी. मंचावर एकूण किती जण बसणार, मागे साथ करणाऱ्या शिष्याला माइक हवा आहे का, तानपुरे दोन्ही खरे आहेत की एक खरा आणि एक मोबाइलवरचा, पहिल्या तारेवर पंचम, मध्यम की निषाद, आणि पट्टी कोणती (म्हणजे गायकाचा षड्ज कोणत्या सुरावर), हे सर्व कागदावर लिहून घ्यावे. तबला गायकाच्या उजव्या हाताला आणि संवादिनी डाव्या हाताला ही रीत असली तरी तेही विचारावे, कारण माइकच्या तारा त्याप्रमाणे अंथरायच्या असतात. पट्टीचा आणि ध्वनिव्यवस्थेचा संबंध काय, असे आमच्याच एका सदस्यांनी विचारले होते. संबंध असा, की आपल्याकडचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे आणि कुठे अर्थिंगचा घोळ असला तर स्पीकरमधून जो हुंकार येतो तो 50 आणि 100 हर्ट्झवर येतो. पांढरी पाचचा (संवादिनीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) षड्ज खालच्या सप्तकांत 49 आणि 98 हर्ट्झला पडतो. म्हणजे गायकाची पट्टी पांढरी पाच असेल, तर ही घरघर त्याच्या षड्जाशेजारी किंचित चढी अशी सतत वाजत राहते आणि त्याच्या कानाला ती कोणत्याही साध्या खरखरीपेक्षा कितीतरी अधिक छळते. म्हणून हुंकार असेल तर तो शोधून काढावा. ‘लोक आले की जाणवत नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. श्रोत्यांना नाही जाणवत, गाणाऱ्याला जाणवते.

सभागृहाच्या ध्वनिसंयोजकाशी आधी एकदा प्रत्यक्ष भेटून बोलावे. नाटके, भाषणे आणि वाद्यवृंद यांची त्याला सवय असते. बसून गायल्या जाणाऱ्या मैफलीची असतेच असे नाही, आणि यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडे किमान तीन मॉनिटर मागावेत: गायकाला एक, तबलावादकाला एक, संवादिनीवादकाला एक. तिन्हींत काय जाते ते वेगवेगळे ठरवता आले पाहिजे. मिक्सरवर तेवढी सोय नसेल तर गायकाचा मॉनिटर स्वतंत्र ठेवून दोन्ही साथीदारांचा एकत्र करावा. गायकाचा कोणाबरोबरही एकत्र करू नये. मॉनिटरकडे जाणारा आवाज प्री-फेडर (सभागृहाचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणाच्या आधीच घेतलेला) असावा, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे. तो तसा नसेल, तर मागच्या रांगेतून तक्रार आली म्हणून सभागृहातला तबला कमी केला की मंचावरचाही तबला आपोआप कमी होतो, आणि आत्तापर्यंत बरे चालले होते ते एकदम का बिघडले हे गायकाला कळत नाही. मॉनिटरमध्ये एको घालू नये. सभागृहासाठी थोडा हवा असेल तर तो कलाकारांना विचारून.

आता ती गोष्ट. मॉनिटर बसून ऐकावा. गायक जेथे बसणार त्याच गादीवर, मांडी घालून, तोंड माइकपाशी आणून ऐकावा. मंचावर उभे राहून, मॉनिटरपुढून चालत जाऊन, ‘हो, येतोय आवाज’ असे म्हणून जे तपासणे होते त्याला काहीही अर्थ नाही. आम्ही तेच केले होते.

याचे कारण साधे आहे, पण कोणी सांगितल्याखेरीज सुचत नाही. जमिनीवर ठेवायचे तिरक्या तोंडाचे मॉनिटर उभ्याने गाणाऱ्यासाठी घडवलेले असतात. उभ्या माणसाचा कान जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतो, मांडी घातलेल्याचा पाऊण मीटरवर. मॉनिटर गादीला चिकटवून ठेवला की त्याच्या हॉर्नमधून (कर्ण्यासारख्या भागातून) सरळ रेषेत निघणारे उंच कंपनसंख्येचे ध्वनी गायकाच्या डोक्यावरून निघून जातात. तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकारती गुंज), शब्दांतली व्यंजने, चाटेवरचा (तबल्याच्या काठावरचा) ‘ना’ हे सगळे त्यातच असते. डग्ग्याचा घुमारा मात्र असा सरळ रेषेत जात नाही, तो चहूकडे पसरतो. त्यामुळे बसलेल्याला तानपुरा नाही आणि डग्गा मात्र भरपूर, असे विचित्र मिश्रण मिळते, तर उभ्याने तपासणाऱ्याला सगळे स्वच्छ ऐकू येते. मग गायक आवाज वाढवायला सांगतात, ध्वनिसंयोजक वाढवतो, डग्गा आणखी घुमतो, मॉनिटरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी येते आणि सगळे एकमेकांकडे पाहतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. मॉनिटर गादीपासून दीडेक मीटर दूर, श्रोत्यांच्या बाजूला न्यावा आणि त्याच्या मागच्या बाजूखाली लाकडी ठोकळा सारून त्याचे तोंड खाली झुकवावे. गायकाच्या जागी बसल्यावर हॉर्नचे तोंड थेट आपल्या तोंडाकडे वळलेले दिसले पाहिजे. त्याचा वरचा काठच दिसत असेल तर अजून झुकवावे. बैठकीसाठी मंचावर फूटभर उंचीचा चौथरा मांडला असेल तर मॉनिटर खाली मंचाच्या फळ्यांवर ठेवू नये, कारण चौथऱ्याचा काठ आणि त्यावरून सोडलेली चादर आवाज अडवतात. तो चौथऱ्यावरच ठेवावा किंवा तेवढ्याच उंचीच्या खोक्यावर. आणि मग पुन्हा बसून ऐकावा. तबलावादकाचा आणि संवादिनीवादकाचाही त्यांच्या त्यांच्या जागी बसून ऐकावा. गायकाच्या गादीवर बसून तबलावादकाचा मॉनिटर कळत नाही.

गायकासाठी कोणता माइक आहे हेही मॉनिटरची जागा ठरवताना पाहावे लागते. शुअरचा एसएम58 बहुतेक ठिकाणी मिळतो; तो कार्डिऑइड जातीचा आहे, म्हणजे बरोबर पाठीमागून येणारा आवाज तो सर्वांत कमी घेतो. त्यासाठी मॉनिटर माइकच्या शेपटीच्या रेषेत, गायकाच्या समोर ठेवावा. त्याच कंपनीचा बीटा 58ए सुपरकार्डिऑइड आहे आणि तो पाठीमागून थोडे ऐकतो. त्याच्या बहिऱ्या जागा मागच्या दोन तिरक्या बाजूंना असतात, म्हणून तेथे मॉनिटर समोर न ठेवता डावी-उजवीकडे सरकवावा. माइक बदलला आणि मॉनिटर तेथेच राहिला, तर काल न आलेली शिट्टी आज येते. कंडेन्सर माइक असतील तर त्यांना 48 व्होल्टचा फँटम (मिक्सरकडून माइकच्या तारेतूनच मिळणारा वीजपुरवठा) लागतो. तो चालू-बंद करताना आणि तार लावताना-काढताना त्या चॅनलचा आवाज बंद ठेवावा, अन्यथा जो धडाका होतो त्याने कलाकार दचकतात आणि स्पीकरही जातो.

तानपुरा मोबाइलवरचा असेल तर तो डीआय बॉक्समधून (अशा उपकरणांचा आवाज मिक्सरला चालेल असा करून देणाऱ्या छोट्या खोक्यातून) मिक्सरला जोडावा. हल्लीच्या अनेक मोबाइलना हेडफोनची गोल खाच नसते, तेव्हा यूएसबी-सी आणि लाइटनिंग अशा दोन्ही प्रकारचे अडॅप्टर मंडळाच्या पेटीत असू द्यावेत. मोबाइल पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून आणि फ्लाइट मोडवर ठेवून वाजवावा. चार्जरमुळे घरघर येते. फ्लाइट मोडचे कारण सांगायला नको.

साउंड चेकला निदान एक तास धरावा आणि तो कलाकारांचा तास आहे हे लक्षात ठेवावे. त्या वेळात पदाधिकाऱ्यांच्या ओळखी करून देऊ नयेत आणि छायाचित्रे काढू नयेत. वातानुकूलन कार्यक्रमाच्या वेळी असेल तसेच आधीपासून चालू ठेवावे. साउंड चेकनंतर ते सुरू केले तर तानपुऱ्याच्या तारा आणि तबल्याची पुडी दोन्ही हलतात, आणि जुळवलेले सगळे पुन्हा जुळवावे लागते. क्रम असा ठेवावा: प्रथम गायकाच्या मॉनिटरमध्ये तानपुरा, मग त्यावर गायकाचा आवाज, मग संवादिनी, मग तबला. कलाकार आपल्या सवयीने माइकपासून चार बोटांवर किंवा वीतभर अंतरावर बसतात. ते अंतर त्यांचे त्यांना ठरवू द्यावे आणि जुळवणी त्या अंतरावर करावी. जवळून गायल्यास खर्ज फुगतो, हे ध्वनिसंयोजकाला ठाऊक असते; कलाकाराला मागे सरकायला सांगण्याऐवजी त्याने ते मिक्सरवर सांभाळावे. शेवटी सर्वांनी एकत्र, पूर्ण जोराने, द्रुत लयीत दोन-तीन मिनिटे गाऊन-वाजवून घ्यावे. हे टाळू नये. एकेकाचा आवाज वेगळा तपासून सगळे ठीक वाटते, आणि एकत्र वाजू लागले की तानपुरा तबल्याखाली पार बुडतो. शिवाय सभागृहाची मागची भिंत 20 मीटरवर असेल तर तिच्यावरून परतणारा आवाज मंचावर सुमारे 0.12 सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची असते, म्हणजे तो जवळजवळ अर्ध्या मात्रेने मागे पडतो. मॉनिटर अपुरा असेल तर साथीदारांच्या कानावर तोच मागे पडलेला आवाज जास्त येतो आणि समेला ओढाताण होते. श्रोते तबलजींना बोल लावतात.

या वेळी प्रश्न कसे विचारायचे, हेही सांगितले पाहिजे. ‘ठीक आहे ना?’ असे विचारू नये. पाहुणे सौजन्याने ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणतात. नव्या गावात, नव्या माणसांसमोर कोणीही तेच म्हणेल, आणि ज्येष्ठ कलाकार तर नक्कीच. त्याऐवजी ‘पंचमाची तार वेगळी ऐकू येते का?’, ‘डग्गा कमी करू का?’, ‘संवादिनी डावीकडून पुरेशी येते का?’ असे एकेक विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. काही वाढवायची मागणी आली तर आधी दुसरे काय कमी करता येते ते पाहावे, कारण मंचावर आवाज जितका चढवावा तितका तो एकमेकांच्या माइकमध्ये शिरतो. ध्वनिसंयोजकाचे नाव पाहुण्यांना सांगावे आणि तो कुठे बसतो ते दाखवावे. कार्यक्रम चालू असताना खुणा कोणत्या, तेही आधी ठरवावे: बोट ज्या वाद्याकडे, मग वर किंवा खाली. त्या खुणा पाहण्यासाठी विंगेत एक माणूस शेवटपर्यंत बसवावा. हा माणूस मध्येच चहाची व्यवस्था बघायला उठत नाही. ध्वनिसंयोजक सभागृहाच्या टोकाला, मिक्सरच्या उजेडात असतो. त्याला अंधाऱ्या मंचावरचे बोट दिसेल असे गृहीत धरू नये.

साउंड चेक संपला की मॉनिटर आणि माइकच्या स्टँडच्या जागा चिकटपट्टीने आखून घ्याव्यात आणि सजावट समितीला त्या दाखवाव्यात. फुलांची मोठी रचना नेमकी मॉनिटरच्या तोंडापुढे ठेवण्याचा मोह सर्वांना होतो, कारण काळे खोके चांगले दिसत नाही. फलकही त्याला टेकवतात. दोन्ही चालणार नाही. सजावट झाली की कोणीतरी पुन्हा गायकाच्या गादीवर बसून ऐकावे. होय, पुन्हा. मांडी घालून.

सत्काराच्या वेळी दहा माणसे मंचावर येतात, तारांत पाय अडकतात, मॉनिटर ढकलला जातो आणि ठोकळा निघून पडतो. म्हणून सत्कार शक्यतो मध्यंतरानंतर, मंचाच्या पुढच्या एका कडेला करावा. बैठकीपाशीच झाला, तर पडदा टाकून, ठोकळा जागेवर बसवून, पुन्हा एकदा बसून ऐकूनच पुढे जावे. पाच मिनिटे उशीर झाला तर चालेल. निवेदकाचा माइक निवेदन संपताच बंद करावा.

गायन सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटे मॉनिटरला कोणी हात लावू नये, खूण आली तरच लावावा. मधल्या वेळात सभागृहाचा आवाज जुळवून घ्यावा. मध्यंतरात कलाकारांना चहाआधी मॉनिटरबद्दल विचारावे, वर दिले आहेत तसे प्रश्न विचारून. राग बदलला की पहिली तार बदलू शकते, तेही तेव्हाच विचारावे. कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून भैरवीची वेळ आधीच सांगून ठेवावी.

संपल्यावर चॅनलचे आवाज आणि फँटम बंद करून मगच माइक काढावेत, मिक्सरचे छायाचित्र पुढच्या वेळेसाठी घ्यावे, आणि पाहुण्यांच्या मोबाइलबरोबर त्यांचा अडॅप्टरही परत द्यावा, आपल्या पेटीतला नव्हे.